उणे

लांजेवार मॅडमनी फळ्यावर एक गोल काढला,
आत फुली. फुलीच्या एका घरात अधिक,
खालच्या घरात उणे.
म्हणाल्या, अख्खा विषय या उण्यावर उभा आहे.
हवं होतं त्यातून मिळालं ते वजा करा,
उरते ती चूक.
यंत्र चुकीवरच चालतं.

बाहेर पालांदूरची बस हॉर्न देऊन गेली.

मी वहीत आमच्या गावची टाकी काढली.
नत्थू भोयर दिवेलागणीला मोटर टाकतो
अन् पानठेल्यावर जाऊन बसतो.
टाकी भरली की पाणी पंचफुला मावशीच्या
गोवऱ्यांवर.
मावशी दारात येते:
"अबे नत्थ्या, झोपला का बे? पानी चाल्लं ना वाया!"
मग त्याचा बाप, त्याचं पोरगं,
मागच्या पोळ्याला नेलेली पायलीभर चणाडाळ,
सगळं उणंदुणं निघतं.
मोटर बंद होते.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर होते.
"बंद लूपचं उदाहरण?"
टाकी सांगितली.
"सेन्सर कुठाय यात?"
"पंचफुला ठवकर."

सर हसले.
मॅडम हसल्या नाहीत. "विलंब किती?"

मावशी चुलीपुढून उठते, हात पुसते,
चप्पल शोधते...
"भात वेळून होईस्तोवर," मी म्हणालो.
मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं.

घरी आलो तर गल्लीभर चिखल,
टाकीवरून धार लागलेली.
मावशी लेकीकडे गेली होती, पवनीला.
नत्थू पानठेल्यावर कान देऊन बसलेला.
अजून कोणी ओरडलं नव्हतं.