चुना

ॲबर्डीनला साडेतीनलाच अंधार.
काचघरात दिवे लावून आम्ही दोघी
कॅमेरूनच्या तांबड्या मातीच्या चाळीस कुंड्यांपुढे.

फॉस्फेट घातलं की ही माती धरून बसते.
लोह, ॲल्युमिनियम, कुणी मूठ उघडत नाही;
मका तिथंच, उपाशी, जांभळा पडत जातो.

‘चुना लावू या,’ मी म्हटलं, आणि हसूच फुटलं.
इशबेलला सांगितलं, आमच्यात याचा अर्थ फसवणं.
ती वजनकाट्यावरून मान न उचलता म्हणाली,
‘मग फसवू. पण मोजून.’

सतराव्या कुंडीत खत विसकटलं नव्हतं.
दाण्याखालीच ठेवलं चिमूटभर,
मातीचा हात पोचायच्या आत
मुळाचा पोचावा म्हणून.

आज तिचं तिसरं पान हिरवं निघालं.
वहीत नोंद केली.
पेननं नाही,
पेन्सिलीनं.