साधा मजकूर

शिरढोणकरांचा फोन आला तेव्हा मी दौलतगंजात,
पंक्चरवाल्यापाशी, एका चाकाची वाट बघत.
"अगं, साड्या गेल्या! दुकानात आहेत,
साइटवर नुसत्या चौकटी.
चौकटीवर टिचकी मारली की आकडे."

आकडे म्हणजे?

"आकडे म्हणजे आकडे. एम बारा चाळीस, एल सोळा अडतीस.
तुझी काकू म्हणते पंचांग उघडलंय."

स्कूटर तिथेच टाकून गेले.
गल्ल्यामागच्या गादीवर लॅपटॉप टेकवला.
सर्व्हर परवाच बदललेला, स्वस्तातला,
मीच सुचवलेला. हे बोलले नाही.

फाइल उघडून पाहिली: शाबूत.
अशर्फी बुट्टी, पाकळ्या जागच्या जागी.
नाव बरोबर, परवानग्या बरोबर, वजनही तेवढंच.
मग फक्त हेडर मागवलं,
पाकीट न फोडता वरचा पत्ता वाचावा तसं.

कंटेंट-टाइप: साधा मजकूर.

एवढंच.
नव्या सर्व्हरच्या यादीत एसव्हीजी हा शब्दच नव्हता.
ज्याला ओळखत नाही त्याच्या कपाळी
तो मजकूर लिहितो आणि पुढे ढकलतो.
ब्राउझर चिठ्ठीचा नोकर.
समोर बुट्टी असली तरी बुट्टी म्हणणार नाही.

शाळेचा फॉर्म आठवला. मातृभाषा,
आणि बाबूनं मान वर न करता भरलेलं 'हिंदी'.
ग्वाल्हेरच्या गल्लीत आम्ही दक्षिणी,
पुण्यात मावशीकडे तिकडचे हिंदीवाले.
असो. ओळ लिहायला घेतली.

तेवढ्यात चंदेरीहून आलेले नफीसभाई
गठ्ठ्याची गाठ सोडता सोडता खांद्यावरून डोकावले.
"ये किसने लिखा?"
म्हटलं, बिघाड आहे, आत्ता जाईल.
"बिगाड़ कहाँ," म्हणाले,
आणि काचेला न लावता बोट ओळींवरून नेलं,
ओठांत पुटपुटत, बारह, चालीस, सोलह,
"यहाँ से पत्ती मुड़ी. यहाँ डंडी.
यहाँ... यहाँ एक तार कम है."

माझी ओळ लिहून झाली होती. एंटर दाबलं नव्हतं.
मोजलं.
चौथ्या पाकळीत खरंच एक आकडा घसरलेला.
दोन वर्षं ती साइटवर होती,
चित्र म्हणून हजारदा पाहिलेली,
शिरढोणकरांनी, गिऱ्हाइकांनी, मी.

मग एंटर. सर्व्हरला यादी पुन्हा वाचायला लावली.
माझ्या मोबाइलवर बुट्टी आली,
चौथी पाकळी किंचित चेपलेली,
आता तेवढंच दिसत होतं.
शिरढोणकरांच्या स्क्रीनवर मात्र तेच पंचांग.

"यानं जुनं धरून ठेवलंय काका,
कॅश पुसते, म्हणजे विसरेल."

"थांब," ते म्हणाले,
खिशातलं पेन काढून नफीसभाईंकडे करत,
"आधी त्यांना उतरवून घेऊ दे."

बिलाच्या पाठीवर आकडे उतरत राहिले.
पंक्चरवाल्याचा तिसरा मिस्ड कॉल.