घंटीची दोरी

सकाळी सहाला उजव्या हाताची अनामिका
तळव्यात मुडपून पडलेली असते.
बाकीची चार उठतात, ही उठत नाही.
डाव्या हाताने धरून ओढावी लागते,
आणि मग
टक.
कळ नंतर येते, आवाजाच्या मागून,
सुटलेल्या एसटीमागे धावणाऱ्या पॅसेंजरसारखी.

सिंधू आतून म्हणते,
बोट हाये का कडीकोयंडा?
आणि चहा ठेवते.

एरंडाची पानं झाली. मिठाचं गरम पाणी झालं.
सावद्याच्या एकाने ओढून ओढून मालिश केलं,
दोन दिवस भाकर मोडता आली नाही.
मुलगा फोनवर म्हणाला, वय झालं, पप्पा.
वय सगळ्या हाताला झालंय.
अडकतं एकच.

शेवटी भुसावळ. डॉक्टर अलमास पिंजारी,
माझ्या धाकटीच्या वयाची.
तळव्यात, बोटाच्या मुळाशी तिने अंगठा टेकवला,
वाकवा म्हणाली, आणि अंगठ्याखालून
हरभऱ्याएवढं काहीतरी सरकलं.
नोकरी? एकतीस वर्षं. कुठे? यावल डेपो, कंडक्टर.
हातात काय असायचं?
पंच, म्हटलं. तिकिटाला भोकं पाडायचा.
साकळी, किनगाव, धानोरा, अडावद, चोपडा.
आणि परत.
त्यानेच झालं असं नाही म्हणणार मी, ती म्हणाली,
साखरही आहे तुमची दोनशे दहा.

मग केसपेपरच्या पाठीवर तिने बोट काढलं.
आत एक दोरी, दोरीभोवती कड्या.
हिला कंडरा म्हणतात, ती सांगू लागली,
हिला इथे गाठ आलीय, कडीही जाड झालीय,
आणि मला हसू आलं.
बाई, ही तर घंटीची दोरी.

जुन्या लाल गाडीत टपाखालून जायची,
मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत,
कडीकडीतून.
एक टण थांब, दोन टण चल.
एकदा अडावदच्या बाजाराच्या दिवशी तुटली,
मी गाठ मारली, गाठ कडीत अडकली.
ओढली तर येईना, आली तर परत जाईना,
घंटी अवेळी वाजायची
आणि रसूल ड्रायव्हर ब्रेक मारी, गिअर टाकी, ब्रेक मारी,
भर गाडीत माझा बाप काढी.

मग काय केलंत? तिने विचारलं. पेन हवेतच.
आधी गाठीला खोबरेल चोपडलं. चार फेऱ्या निघाल्या.
मग रसूलने पक्कड घेतली
आणि कडीच उघडली.
दोरीला हात नाही लावला.

तेच करायचंय, ती म्हणाली. त्याच क्रमाने.

सुईने चार महिने निघाले.
पहिला आठवडाभर साखर चढली,
सिंधूने गूळसुद्धा कुलपात ठेवला.
केळीची कापणी चालू झाली तेव्हा
टक परत आलं.

टेबलावर मी जागाच होतो. फक्त तळवा मेलेला.
मध्ये हिरवा पडदा, पलीकडे माझाच हात,
कुणाच्या तरी सामानासारखा.
दहा मिनिटं. कुठेतरी कात्रीचा बारीक आवाज.
मग ती म्हणाली,
मास्तर, डबल द्या.
मी बोट वाकवलं, सोडलं.
वाकवलं, सोडलं.
गेलं आणि आलं. काहीच वाजलं नाही.

टाके निघून महिना झाला.
तळवा जरा दुखतो, पिशवी उचलली की.
बोट बाकीच्यांबरोबर उठतं.
चहा मात्र उशिरा होतो.
आवाज नाही आला, सिंधू म्हणते,
मले वाटलं झोपेल हाये.

म्हणून आता जाग आली की
कॉटच्या लोखंडी दांड्यावर
दोनदा वाजवतो.
तिला ते आवडत नाही.
म्हणते, मी काय डायवर हाये का?