कोपरा

अंगठा नंतर. आधी तिनं बूट दाखवले.
धाकट्या भावाचे, एक नंबर लहान.
"अठरा तारखेले ग्राउंड आहे जी,
आठशे मीटर. धावता येईन ना?"

करिश्मा कुमरे, वय एकोणीस, सावरटोला.
रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं चार फेऱ्या.
नखाच्या कडेला पू, पुवावर हळद,
हळदीवर कुणीतरी सांगितलेली टूथपेस्ट.

लाइट गेली. बोरकर सिस्टरनं मोबाइल धरला.
बोटाच्या मुळाशी दोन्हीकडून सुई;
सगळ्यात जास्त हेच दुखेल, म्हणालो.
हातमोज्याचं एक बोट कापून आवळलं
आणि नखाखालून कात्री, थेट मुळापर्यंत.

निघालं ते धानाच्या तुसाएवढं.
"यवढंसंच?"
तळहातावर मागून घेतलं तिनं, उजेडात फिरवलं.
"याच्यापायी तीन हप्ते लंगडली मी."

नख गोल कापू नको, सरळ काप,
कोपरे बाहेर राहू दे.
मान हलली.
बूट मोठे घे.
मान हलली नाही.

बाहेर बाकावर भाऊ, अनवाणी.
बूट मांडीवर घेऊन
पुढचं टोक अंगठ्यानं दाबत बसलेला.
मला पाहून उठला:
"डाक्टर, ते कात्री भेटन का जी, जराशी?"