मच्छिंद्री

शिवाजी पुलाच्या दगडात एक मासा आहे.
पंचगंगेचं पाणी त्याला टेकलं
की अख्खं गाव एकच वाक्य बोलतं, मच्छिंद्री झाली.
मग कुंभार गल्लीतले गॅसचे शेगडे माळ्यावर चढतात,
पोरांची दप्तरं मामाकडे जातात.
म्हशी तर आदल्या रात्रीच दावं ओढत असतात.

मला असा एक मासा हवा होता
वॉर्ड नंबर चारच्या भिंतीवर.

तळघरात सात वर्षांचे केसपेपर होते,
कसर लागलेले, आमटीचे डाग पडलेले.
एकावर वजनाच्या रकान्यात कुणीतरी
नुसतं "बरं" लिहिलं होतं.
आम्ही ते टाइप केले, मी आणि दोन इंटर्न,
क्रिएटिनिन, रक्तदाब, लघवीचं माप,
एकेचाळीस हजार ओळी.
आणि रोज पहाटे पाचला
त्यातून रंग निघायला लागले:
कुणाची किडनी उद्या दमेल, कुणाची परवा,
लाल, पिवळा, हिरवा.

दहातल्या आठ वेळा खरं ठरायचं.
पुण्याच्या परिषदेत टाळ्या झाल्या.
परतीच्या एस्टीत कराडपर्यंत मला झोप आली नाही,
इतकी मी माझ्यावर खूश होते.

सोळा नंबरला सुलाबाई मगदूम, हुपरीची.
चांदीच्या पैंजणांना डाग देण्यात चाळीस वर्षं गेलेली,
बोटांवर ठसे उरले नव्हते.
रेशनच्या यंत्रानं तिला ओळखलं नव्हतं.
माझ्या यंत्रानं तिला हिरवा दिला.

हिरवा, कारण तिच्याविरुद्ध कागदच नव्हता.
जुना रिपोर्ट नाही, आधीची भरती नाही,
एक साधी गोळी नाही.
बासष्ट वर्षांत ती दवाखान्याची पायरी चढलीच नव्हती
आणि त्या कोऱ्या जागेला
मी तब्येत समजले होते.

रात्रपाळीला शेवंता आवळे सिस्टर.
त्यांनी खाटेच्या पांढऱ्या पट्टीवर
पेन्सिलीनं बारीक फुली मारली.
"का हो?"
"काल तीनदा पाणी मागितलंतं मॅडम.
आज मागंनाच झाल्यात."
एवढंच.

साडेतीनला डायलिसिस लावलं.
सुलाबाई जगली, पण हे मी त्यासाठी लिहीत नाही.
मागच्या श्रावणात एक जगली नव्हती.
तिचा हिरवा मी नंतर यादीत शोधून काढला.
तिचं नाव इथे लिहायची
मला कुणी परवानगी दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाकून वाकून खाटा बघितल्या.
फिनेलच्या फडक्याखाली अर्धवट पुसलेल्या
किती फुल्या होत्या,
एकीवर एक, वर्षानुवर्षांच्या.
आमच्या एकेचाळीस हजार ओळींत त्यातली एकही नव्हती.

मी नवा रकाना काढला: सिस्टरना काय वाटतं.
संख्याशास्त्रवाला तेजपाल फोनवर हसला,
"वाटणं कसं मोजणार?"
फुली म्हणजे एक, मी म्हटलं.
"आणि फुली नाही म्हणजे शून्य?"
नाही रे.
फुली नाही म्हणजे कदाचित सिस्टर रजेवर आहेत.
कोरं ते कोरंच ठेव. त्याला वेगळा रंग दे.

तेव्हापासून पडद्यावर एक चौथा रंग आहे, राखाडी.
त्याचा अर्थ, आम्हाला माहीत नाही, जाऊन बघा.
सकाळी मी आधी तिकडेच जाते.

पुलावरचा मासा कुणी बसवला, मला ठाऊक नाही.
पण तो माणूस त्या उंचीला
एकदा तरी भिजला असणार.

डिस्चार्जच्या दिवशी सुलाबाईनं
माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून विचारलं,
"माझा कितवा नंबर आला?"
मी म्हटलं, सोळावा.
"मग पास की," ती म्हणाली,
आणि चपला शोधायला खाटेखाली वाकली.