पाठीवरची खूण

हफ्त तपेच्या कोठारात, पत्र्याखाली,
सकाळी सातलाच उकाडा जमिनीतून वर येतो.
बद्रिये आधी फरशी उताणी ठेवते.
दर्शनी बाजू. जिच्यासाठी सगळा खटाटोप:
दीड वीत चौकोन, मधोमध बोंडी,
बोंडीभोवती राजाचं नाव, गोल फिरत आलेलं.
झिलई निळी-हिरवी होती म्हणे.
आता ताकाच्या निवळीसारखी, नख लागलं की पापुद्रा.
कडेच्या खाचेत तेवढा रंग उरलाय,
मुगाच्या दाण्याएवढा.

मग ती फरशी पालथी करते.

इकडे कुणी बघायचं नव्हतं.
ही बाजू डांबरात रुतून
भिंतीकडे तोंड करून जन्मभर राहायची.
म्हणून इथं राजा नाही, देव नाही.
ओल्या मातीत काडीनं ओढलेल्या तीन रेघा, एक टिंब,
आणि चौथी रेघ,
चुकलेली, अंगठ्यानं पुसलेली.

मी त्याला अत्तामेतेन म्हणते.
म्हण की, बद्रिये हसते,
कोण उठून भांडायला येणार आहे.
खाऱ्या झुडपांची राख चाळून
पापण्या पांढऱ्या झालेला,
तांब्याचा कीस मोजताना श्वास धरून ठेवणारा.
मुकादम ओरडला असेल: तिसरी ओळ रे, तिसरी,
दाराच्या डावीकडे!
त्यानं घाईत अंगठा फिरवला.
भट्टीनं दोन्ही भाजून दिलं,
चूकही, दुरुस्तीही.

पुढं सैन्य आलं. दारातला झिलईचा बैल फोडला,
भिंत तोंडावर पडली.
राजाचं नाव खाली, खारट ओलीत,
सहाशे पावसाळे, मग आणखी दोन हजार.
मीठ हळूहळू खातं, पण ताटात काही ठेवत नाही.
पाठ वर होती. कोरडी.

बद्रिये दिवा आडवा धरते.
सावलीत अंगठ्याच्या रेषा उठून दिसतात,
आणि त्यांना आडवी कापत गेलेली एक चीर.
विळा? फुटकी काच?
हे आम्ही वहीत लिहीत नाही. वहीत तसा रकाना नाही.

नोंदीचा क्रमांक मात्र घालायचा असतो,
दिसणार नाही अशा जागी, म्हणजे पाठीवरच.
ती रेघांपासून चार बोटं लांब सरकते,
बारीक शाईनं लिहायला घेते,
आणि शेवटचा आकडा चुकतो.

दुपारी नान मोडताना
तिच्या अंगठ्यावर निळं होतं.
मी बघत होते. काही बोलले नाही.