हेरवाडच्या उसात कार्ड टोचताना

पोस्टकार्डाहून जरा लहान. वर वीस हजार अंडी,
डिंकावर खसखस सांडावी तशी.
अंडी पतंगाची. आत वाढतंय ते दुसऱ्याच कुणाचं.

कारखान्याच्या मागे, मळीच्या वासाच्या अलीकडे
आमची खोली. तिला वास भरडलेल्या ज्वारीचा.
टबात अळ्या वाढतात, जाळी विणतात, पतंग होतात.
मी नळीनं ओढून बरणीत घेते,
सकाळी अंडी चाळते नाकाला फडकं बांधून,
तरी पंखांची भुकटी घशात जातेच.
मग जांभळट दिव्याखाली पाऊण तास.
आतला जीव मरतो. घर राहतं, आणि घरातला शिधा.
त्या घरात गांधीलमाशी आपलं अंडं ठेवते.
चौथ्या दिवशी कार्ड काळं पडतं.
माझ्या नोंदवहीत त्या रकान्याचं नाव 'यश'.

पद्माक्का मगदूम बांधावर उभ्या होत्या.
"मुजावराची मेहरुन न्हवं तू? आटप लवकर,
दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय मला."
ऊस दोन महिन्यांचा. मधेमधे वाळके पोंगे.
एक ओढला. अलगद हातात आला,
बुडाला आंबूस घाण वास.
"हा गेला, अक्का. हे कार्ड याच्यासाठी न्हाई,
जी अंडी अजून फुटली न्हाईत त्यांच्यासाठी."

थर्माकोलचा डबा उघडला.
कात्रीनं कार्डाच्या पट्ट्या केल्या, टाचण्या दातांत धरल्या.
पानाच्या पाठीमागं, उन्हाकडं पाठ करून,
दहा पावलांवर एक.

अक्का मागनं चालत होत्या.
"औषध मारलं की माझ्या हातनं मरतंय.
ह्यात कुणाच्या हातनं मरतंय गं?"
"गांधीलमाशीच्या."
"केवढी असती?"
"तुमच्या पोथीतल्या अनुस्वाराएवढी."
"तिला व्रत, नेम?"
"काय न्हाई. तिला एवढंच येतंय."
त्यांना पटलं असावं. चार सऱ्या गप्प होत्या.
पाचवीला थांबल्या.
"आन् ह्या कार्डावरच्या अंड्यास्नी कुणी मारलं?"

टाचणी दातांत होती म्हणून बरं झालं.
दिवा आहे, बटण आहे,
बटणाखाली माझी सही असलेला कागद आहे.
तो कागद रोज बदलतो, सही तीच.
टाचणी काढली.
"मी, अक्का."

वारा नव्हता. पलीकडच्या सरीत कुणीतरी
मोटार चालू केली, पाणी लांबून आलं
आणि आमच्या चपला भिजवून पुढं गेलं.
अक्कांनी डोक्यावरचा पदर सोडवला,
दोन हातांनी ताणून पानावर धरला.
"मग टोच तू," म्हणाल्या. "सावली मी धरते."
तीन एकर आम्ही तसंच केलं.
शेवटच्या सरीला उजेड संपला.
त्यांचं जेवण राहिलं. मी बोलले नाही,
त्याही नाही. डब्यातलं बर्फाचं पाणी
मी बांधाच्या तुळशीला ओतलं.

सकाळी सातला फोन.
"मुंगळं चढल्यात गं तुझ्या कार्डावर! तांबडं. काय करू?
पावडर टाकू नको म्हणालीस. मारायचं तर मला न्हाईच."
मी भाकरी थापत होते, फोन खांद्यात.
आमच्या पुस्तकात मुंग्यांवर एक आख्खं पान आहे,
त्यातलं एकही वाक्य आठवेना.
"फुंकर घाला, अक्का."
"फुंकर?"
"हळू. अंडी उडायला न्हाई पाहिजेत."

फोन तसाच चालू राहिला, पदरात विसरला असणार.
मला ऐकू येत होतं:
पानांची सळसळ, मग एक फुंकर,
मग चार पावलं, थांबणं,
कुणाला तरी "जावा की आता, जावा" म्हणणं,
परत फुंकर.
भाकरी एका बाजूनं करपली.
तीन एकर म्हणजे किती फुंकरा, याचा हिशेब
मी मांडायला घेतला आणि सोडून दिला.